पाच माणसांचा बेडूक

या, बसा इथे ओटीवर. सतरंजी पुरेल सगळ्यांना. धाकटे, तो फोन आण बरं, आणि दादालाही हाक मार. दुपारी तू मला जे दाखवलंस ते सगळ्यांना दाखवू, आणि मग त्याची गोष्ट सांगतो.

दुपारी ही माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, हा सरडा बघा." मी चष्मा लावला. फांदीवर एक जाडजूड घोयरा सरडा बसलेला. अंगावर हिरवे-पिवळे पट्टे, गोल बाहेर आलेला डोळा, बारीक खवले. मी म्हटलं, छान आहे गं. तेवढ्यात सरड्याचं अंग हललं, मधोमध उकललं, आणि त्यातून एक बाई उठली. मग दुसरी. सरडा कुठेच नाही! रंगवलेल्या दोन बायका होत्या त्या, एकमेकींना बिलगून निजलेल्या. इतकी वर्षं मी कुंपणावरचे सरडे पाहतोय, तरी ती हलेपर्यंत मला शंकासुद्धा आली नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही.

हे काम ज्याचं, त्याचं नाव योहानेस श्टोटर. इटलीच्या उत्तरेला आल्प्स पर्वताच्या कुशीत दक्षिण तिरोल नावाचा प्रांत आहे. देश इटली, पण घराघरात बोलतात जर्मन. तिथल्या डोंगरातला हा माणूस. शिकला तत्त्वज्ञान, चित्रकला मात्र तो आपली आपणच शिकला. साधारण २००० सालापासून तो माणसांच्या अंगावर चित्रं काढतो. ऑस्ट्रियात अंगचित्रकारांचा मोठा जागतिक मेळा भरतो, तिथे २०१२ साली तो जगज्जेता ठरला. पण त्याचं नाव घरोघरी पोचलं ते त्याच्या प्राण्यांमुळे. एका बाईचा त्याने मोठा रंगीत पोपट केला: वर घेतलेला हात म्हणजे डोकं आणि चोच, पाय म्हणजे पंख आणि शेपटी. दोघींचा सरडा तर तुम्ही पाहिलातच. आणि पाच माणसांचा एक बेडूक. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कामात हा बेडूक पहिला. का, ते पुढे येईलच.

आता रंग म्हणशील तर साधाच, पाण्यात कालवायचा, अंगाला न बाधणारा. ब्रश आणि स्पंज घेऊन कित्येक तास काम चालतं. अंगावर चित्र काढून घेणाऱ्याने तेवढा वेळ सांगितल्या जागी, सांगितल्या तऱ्हेने राहायचं. मग फोटो घ्यायचा, आणि शेवटी अंघोळ. दिवसभराचं चित्र पाण्याबरोबर मोरीतून वाहून जातं. आपल्या दारातली रांगोळी जशी दुसऱ्या सकाळी पुसली जाते तशी.

पण मला सांगा, आपण फसलो कसे? दोन बायका डोळ्यांसमोर असताना सरडा दिसला, म्हणजे डोळ्यांनी नक्की काय पाहिलं?

आजी तांदूळ निवडते तेव्हा पाहिलंय ना? काळा खडा लगेच सापडतो, पांढरा मात्र दाताखाली आल्यावर कळतो. ही लपण्याची पहिली पायरी, भोवतालच्या रंगात रंग मिसळणं. नाकतोडा गवतात हिरवा असतो तो यासाठीच. पण एवढ्याने भागत नाही. हिरव्या कागदाचा पोपट कापून आंब्यावर टांगला, तर रंग जुळूनही तो ओळखू येतो. कशावरून? त्याच्या कडेवरून. कुठे तो संपला आणि कुठे पान सुरू झालं, ती रेघ डोळा पकडतो. लहान मूल चित्र काढतं तेव्हा आधी काय काढतं? बाहेरची रेघ. रंग नंतर भरतं. आपली नजर अगदी तशीच चालते. ती आधी कडा शोधते, कडांवरून आकार जुळवते आणि आकारावरून नाव ठेवते: हा हात, हे मांजर, ती घागर.

श्टोटर नेमका कडांवरच घाव घालतो. दोन बायका शेजारी निजल्या की त्यांच्यामध्ये एक खरी कड असते. ती तो बुजवतो. एकीच्या खांद्यावर सुरू केलेला हिरवा पट्टा तो न थांबता दुसरीच्या पाठीवर नेतो. नजर त्या पट्ट्याबरोबर घसरत जाते आणि मधली फट ओलांडून गेल्याचं तिला कळतही नाही. मग जिथे मुळात कडच नाही, एकीच्या सलग पोटावर वगैरे, तिथे तो रंगाने खोटी कड उभी करतो. खरी कड मारायची, खोटी जिवंत करायची. एवढं जमलं की दोन अंगांची एक पाठ होते आणि एका अंगाचे चार तुकडे होतात.

आपली ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या ठिगळांची मांजर आजीच्या गोधडीवर निजली की सापडत नाही, होय की नाही? परवा आजी तिच्यावर बसणारच होती. एकरंगी बोका त्याच गोधडीवर लगेच दिसतो. मांजरीची ठिगळं तिच्या स्वतःच्याच अंगाची कड तोडतात. काळं ठिगळ गोधडीतल्या काळ्या तुकड्याला जाऊन मिळतं, पांढरं पांढऱ्याला, आणि उरतं काय? नुसती ठिगळं. मांजर गेली.

हे कोडं नीट सोडवलं ते ह्यू कॉट नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने. तो केंब्रिजचा, आणि स्वतः उत्तम चित्रंही काढायचा. १९४० साली त्याने प्राण्यांच्या रंगांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पूर्व आफ्रिकेतल्या एका चिमुकल्या झाडबेडकाचं वर्णन आहे. या बेडकाच्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी रुपेरी पांढरे पट्टे. मागच्या पायांवरही तसेच तुकडे, मांडीवर एक आणि पोटरीवर एक. बेडूक चालताना पाहिला तर हे तुकडे वेडेवाकडे वाटतात, जणू रंगवणाऱ्याचा हात घसरला. पण तो बसला, पाय पोटाशी घेतले, की मांडीवरचा तुकडा, पोटरीवरचा तुकडा आणि पाठीचा पट्टा असे एका रेषेत येऊन जुळतात की एक सलग पट्टा तयार होतो! पाय कुठे, पाठ कुठे, काही समजत नाही. बेडकाचा बेडूकपणाच नाहीसा होतो. पानावर राहतात दोन-तीन रंगीत पट्टे, कसलाही आकार नसलेले.

आता तो पाच माणसांचा बेडूक आठवा. श्टोटरने पाच अंगांवरून सलग रंग ओढून एक बेडूक उभा केला. आफ्रिकेतला बेडूक आपल्याच अंगाच्या आणि पायांच्या तुकड्यांवरून सलग रंग ओढून स्वतःला पुसून टाकतो. युक्ती एकच. एकाने ती बेडूक दाखवायला वापरली, दुसऱ्याने बेडूक लपवायला! म्हणून मी म्हटलं, तो बेडूक पहिला. श्टोटरने हे जाणून केलं की सहज हातून घडलं, याने मला फरक पडत नाही. मला त्यात एक फार जुनी विद्या पुन्हा सापडल्यासारखी वाटते.

काय म्हणालास? बेडकाला हे कळतं का? नाही रे बाळा. त्याला आरसा कोण दाखवणार? लाखो वर्षं असे बेडूक जन्मले, ज्यांचे पट्टे थोडे जुळले ते पक्ष्यांच्या चोचीतून थोडे जास्त वाचले. त्यांना पिल्लं झाली, त्यांतल्या ज्यांचे आणखी जुळले ते आणखी वाचले. इथे चित्र पुसणारा हात पक्ष्याचा. जे चित्र पक्ष्याला दिसलं ते त्याने खाल्लं; जे दिसलं नाही ते राहिलं. आज आपल्याला दिसतात ती सगळी न दिसलेली चित्रं आहेत.

आणि हे नुसतं सांगोवांगी नाही हं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आणि २००५ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी कागदाचे त्रिकोण कापले, पतंगाच्या पंखांसारखे. त्यांवर ओकच्या सालीचे रंग छापले आणि प्रत्येकाखाली एकेक मेलेली अळी लावून ते ओकच्या बुंध्यांवर टाचले. काही त्रिकोणांवर गडद डाग मधोमध, काहींवर अगदी कडेला, कड तोडणारे. रंग तेच. मग पक्ष्यांना जेवायला सोडलं. ज्यांचे डाग कडेला भिडलेले, ते कागदी पतंग सगळ्यांत जास्त वाचले. कड तुटली की जीव वाचतो, हे चिमण्या पाखरांनी स्वतः सांगितलं.

एवढ्यावर उठू नका, अजून सावलीची गोष्ट राहिलीय. त्यासाठी मला स्वयंपाकघरातलं आप्पेपात्र लागेल. जा, आण. हां. आता हे खिडकीशी धर, उजेड पलीकडून येऊ दे, आणि वरून त्याचा फोटो काढ. फोटोत खिडकीची बाजू वर हवी. बघा, सात खळगे दिसतायत ना? आता फोन उलटा कर, डोकं खाली. काय झालं? खळग्यांचे आप्पे झाले! पात्र तेच, फोटो तोच.

हे असं का? आपल्या मेंदूने एक गोष्ट ठाम धरलीय, उजेड वरून येतो. सूर्य वर, चंद्र वर. म्हणून ज्याची वरची बाजू उजळ आणि खालची काळोखी, ते फुगीर. ज्याची वरची काळोखी आणि खालची उजळ, तो खळगा. मेंदू हा हिशेब इतक्या झटपट करतो की केल्याचं आपल्याला कळत नाही. पातेलं गोल आहे हे आपण हात लावून थोडंच ठरवतो? पोटाखालची सावली ते सांगते.

सावलीची ही चहाडी बंद कशी करायची, ते शोधून काढलं अमेरिकेतल्या एका चित्रकाराने. नाव ॲबट थायर. जन्म १८४९चा. राहायचा न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागात, डब्लिन नावाच्या गावी. त्याची कीर्ती होती ती पंखवाल्या देवदूतांच्या चित्रांसाठी. घरातल्या मुलांनाच तो समोर बसवायचा आणि चित्रात त्यांना पंख द्यायचा. पण लहानपणापासून रानावनात, पक्ष्यांच्या मागे फिरलेला. त्याच्या लक्षात आलं की हरीण, ससा, रानपाखरं, सगळ्यांची पाठ गडद आणि पोट पांढरं. माणसाचं चित्र फुगीर दिसावं म्हणून चित्रकार वर उजळ आणि खाली काळोखी रंग देतो. निसर्ग बरोबर उलटं करतो! जिथे ऊन पडणार तिथे गडद, जिथे सावली पडणार तिथे पांढरा. उन्हाने गडद पाठ उजळते, सावलीने पांढरं पोट काळवंडतं, आणि दोन्ही मिळून अंग एकसारख्या रंगाचं होतं. फुगीरपणा गेला, गोलाई गेली. प्राणी समोर उभा असतो, पण भरीव वस्तू म्हणून नजरेला तो लागतच नाही.

१८९६ साली त्याने हे लिहून काढलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला पक्षी-अभ्यासकांची सभा भरली होती, तिथे जाऊन करून दाखवलं. कशावर दाखवलं असेल? रताळ्यांवर! रताळी, किंवा त्या आकाराच्या वस्तू. तिथे हजर असलेल्याने नोंद करून ठेवलीय. अशी तीन रताळी त्याने जमिनीच्या थोडी वर, तारेवर आडवी बसवली. तिन्हींना काहीतरी चिकट लावून वर रस्त्यावरचीच कोरडी माती भुरभुरवली, म्हणजे रंग जमिनीसारखा झाला. मग दोन टोकांच्या रताळ्यांना पोटाकडून पांढरा रंग दिला आणि तो हलक्या हाताने वर मातीच्या रंगात मिसळत नेला. मधल्याला काहीच नाही. आता सगळ्यांना थोडं लांब उभं केलं. मधलं रताळं ठळक, खरं आहे त्याहूनही काळं दिसत होतं. आणि टोकाची दोन? दिसेनात. त्या विद्वान मंडळींना तारेवर एकच रताळं दिसत होतं. काहींना पटेना, तेव्हा थायरने मधल्यालाही पोटाकडून पांढरं फासलं. तेही गेलं.

तुम्ही हसताय, पण मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. बाजारातून आणलेला बांगडा आठवा. पाठ निळी-हिरवी, गडद, लांबीने गेलेल्या रेघांची, पोट चांदीसारखं. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला गडद पाणी दिसतं, खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला उजळ आकाश, आणि बाजूने पाहणाऱ्याला सपाट काहीतरी. इतकी वर्षं आपण बांगडा खातो, आणि त्याच्या अंगावर केवढी विद्या लिहिलीय ते आपल्याला एका रताळीवाल्या चित्रकाराने सांगावं लागलं. आणि हा नियम किती पक्का आहे बघा: आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात एक मिशीवाला मासा आहे, जो बहुतेक वेळ उताणा पोहतो. त्याचं पोट पाठीहून काळं असतं! उताणा म्हणजे पोट वर, आणि वरची बाजू गडद.

थायरचं पुढे मात्र एक झालं. सापडलेली किल्ली त्याला इतकी आवडली की ती तो प्रत्येक कुलपाला लावू लागला. १९०९ साली त्याच्या मुलाच्या नावाने मोठं पुस्तक निघालं. त्यात सगळे प्राणी लपण्यासाठीच रंगलेले. मोर रानातल्या पानांत आणि निळ्या आकाशात मिसळतो, असं चित्रच त्याने काढलं. ते सुंदर आहे, तरी मला पटत नाही. मोराला दिसायचं असतं. आणि फ्लेमिंगो गुलाबी का? तर पहाटेच्या नि संध्याकाळच्या गुलाबी आकाशात दिसू नये म्हणून! आपल्याकडे ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात, त्यांना पाहिलेलं कोणीही सांगेल की मावळतीच्या उजेडापुढे ते काळेच दिसतात. थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष, मोठे शिकारी आणि पक्षिप्रेमी, त्यांनी १९११ साली लांबलचक लेख लिहून थायरचं हे म्हणणं खोडून काढलं. थायर दुखावला. पण माझं मन अजून त्याच्या बाजूनेच झुकतं. फ्लेमिंगोत तो चुकला, हरणात आणि बांगड्यात बरोबर होता. आणि ते बरोबर उत्तर त्याच्याआधी हजारो शिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असून कोणी इतकं नीट मांडलं नव्हतं.

आता खऱ्या सरड्याकडे येऊ. माणूस शब्द फिरवू लागला की आपण म्हणतो, सरड्यासारखा रंग बदलतो. बिचाऱ्या सरड्यावर हा अन्याय आहे. घोयरा सरडा पाहिलाय कोणी? हळूहळू, झोके घेत चालतो, वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा. पायाची बोटं चिमट्यासारखी, फांदी धरायला. डोळे दोन्ही वेगवेगळे फिरतात, एक पुढे तर एक मागे. आणि तो रंग बदलतो तो काही जिथे बसला तिथला रंग पाहून नाही. बहुतेक वेळा कारण असतं राग, भीती, मादीला खुणावणं, किंवा उन्हाची गरज. त्याच्या अंगाचा रंग म्हणजे त्याचा चेहरा. तो तर आपल्या सगळ्यांहून प्रामाणिक म्हणायचा.

तो रंग बदलतो कसा, याचं उत्तर २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना मिळालं. मादागास्करच्या एका रंगीत सरड्याच्या कातडीत त्यांना विशिष्ट पेशी दिसल्या. त्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीने मांडलेले. सरडा शांत असतो तेव्हा ठिपके जवळजवळ, आणि त्यांच्यावरून निळा उजेड परततो. वर कातडीत पिवळा रंग असतोच. निळं आणि पिवळं मिळून हिरवं. सरडा खवळला की ठिपक्यांमधलं अंतर वाढतं, आणि मग परततो पिवळा, पुढे तांबडा. कुठे रंगाची डबी नाही, ब्रश नाही. नुसते ठिपके दूर सारायचे! श्टोटरला जे करायला तासनतास लागतात ते हा काही मिनिटांत करतो.

याहूनही चपळ पाहिजे तर समुद्रावर जा. कोळणीच्या टोपलीत म्हाकूल असतं ना, ते जिवंत असताना डोळ्याचं पातं लवेपर्यंत रंग पालटतं. त्याच्या कातडीत रंगाच्या चिमुकल्या पिशव्या, प्रत्येकीला चहूबाजूंनी स्नायू. स्नायूंनी ओढलं की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सोडलं की ठिपका एवढासा होतो. आणि म्हाकुलाच्या डोळ्यांना रंग वेगवेगळे ओळखता येत नाहीत, आपल्या दृष्टीने ते रंगांधळं. न दिसणाऱ्या रंगांत ते स्वतःला रंगवतं.

आणि लपायचं कोणाच्या डोळ्यांपासून, हेही पाहिलं पाहिजे. ताडोबाचा वाघ आपल्याला केशरी दिसतो. तुम्ही विचाराल, हिरव्या-पिवळ्या रानात केशरी रंग कसला लपतो? पण वाघाला आपल्यापासून लपायचंच नाही, चितळापासून लपायचंय. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यांत दोनच. त्यामुळे केशरी आणि हिरवा यांतला फरक त्याला कळत नाही. चितळाच्या जगात वाघ हिरवाच असतो, आणि अंगावरचे काळे पट्टे गवताच्या सावल्या होऊन त्याची कड तोडतात. केरळात त्रिशूरला ओणमच्या चौथ्या दिवशी पुरुष अंगभर वाघ रंगवून नाचतात. कित्येकांच्या सुटलेल्या पोटावर वाघाचा चेहरा, आणि नाचताना पोट हललं की वाघ जबडा हलवतो. श्टोटरचा सरडा हलला की मरतो, त्रिशूरचा वाघ हलला की जिवंत होतो. मला दोन्ही आवडतात.

हलण्यावरून आठवलं, चीनमध्ये एक कलावंत आहे, ल्यू बोलिन. बेजिंगजवळ कलावंतांची एक वस्ती होती, तिथे त्याचीही खोली होती. २००५ सालच्या नोव्हेंबरात ती वस्ती पाडण्यात आली. तो त्या ढिगाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याच्या सोबत्यांनी त्याच्या कपड्यांवर, चेहऱ्यावर मागच्या भिंती-विटा अशा रंगवल्या की तो त्या पडझडीत विरून गेला. तेव्हापासून तो असा उभा राहतो. कधी दुकानातल्या मांडण्यांसमोर, कधी जुन्या भिंतीसमोर, तासनतास. रंगवणारे पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापाशी जाऊन पाहतात, कारण हे चित्र त्या एकाच जागेवरून जुळतं. दोन पावलं बाजूला सरका, लगेच माणूस भिंतीपासून सुटा होतो. त्या झाडबेडकाचंही तेच, पाय जरा लांबवला की पट्टे तुटले. रंग अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं हालचाल न करणं.

हे मला कोणत्याही पुस्तकाआधी एका पाखराने शिकवलं. मी तुझ्याएवढा असेन, दादा, आठ-नऊ वर्षांचा. माझ्या आजोबांबरोबर वरच्या सड्यावर गेलो होतो. उन्हाळ्याचे दिवस, कातळ तापलेला, काजूखाली वाळल्या पानांचा खच. मी पुढे पळत होतो. आजोबा एकदम म्हणाले, "थांब. पाय खाली ठेवू नकोस." मी एका पायावर उभा. खाली पाहतो तर पानंच. वाळकी, करडी, तपकिरी. आजोबा जवळ आले, काठी न टेकता, आणि हळूच म्हणाले, "पानांत बघू नकोस. डोळा शोध."

मी पाहत राहिलो. पाय भरून आला. आणि मग पानांमध्ये एक बारीक चीर दिसली. चीर कसली, अर्धवट मिटलेली पापणी होती ती, आणि तिच्या आत काळंभोर काहीतरी चमकत होतं. पापणीवरून मला डोकं सापडलं, डोक्यावरून पाठ, पाठीवरून शेपूट. रातवा होता तो. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, अंड्यांवर बसलेला. घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. रातवा रात्री उडतो आणि दिवसा असा जमिनीवर बसतो. मोठेपणी मी वाचलं की आफ्रिकेत झांबियामध्ये शास्त्रज्ञांनी रातव्यांचे फोटो घेऊन मोजणी केली, तर प्रत्येक पाखरू बसायला अशी जागा निवडत होतं जी त्याच्या स्वतःच्या पिसांच्या नक्षीला जुळेल. जातीला साधारण जुळणारी नव्हे, त्या एकेका पाखराला जुळणारी! हे त्याला कसं कळत असेल, याचा विचार करत मी अजूनही कधीकधी जागा राहतो.

त्या दिवशी रातवा हलला नाही. त्याची छाती खालीवर होतेय का तेही दिसत नव्हतं. मी पाय हवेतच मागे घेतला. आजोबांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघे उलट्या पावलांनी मागे आलो. तीन पावलं फक्त. मग मी पुन्हा त्या जागी पाहिलं, जिथे तो आत्ताच होता, अजूनही होता, आणि काजूच्या पानांखेरीज मला तिथे काही दिसेना.